मशीनची घरघर

छगन : या डब्याला गोदडी कोणी गुंडाळली?

भिकुबाई : मी. इतकं कण्हस ते, टेबल बी थरथर कापस. माले वाटनं, झाकी दिधं की गप बसी.

छगन : मावशी, गप बसलं खरं, पण गुदमरून! कॉम्प्युटरला वारा लागतो. तुमचा अभिमन असता तर हसून लोळला असता.

प्रमिला : छगनभाऊ, चालू होईल ना? हे गेल्यापासून यावरच तर घर चाललंय. सोनगीरच्या लग्नाच्या पत्रिका आज फ्लॉपीवर घेऊन प्रेसला द्यायच्यात.

छगन : होईल. तापलं होतं नुसतं. आता उघडलंच आहे तर आवाजही कमी करतो. पंख्यातली धूळ काढतो, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडतो. आणि ही हार्ड डिस्क पत्र्याला थेट आवळलीय, ती फिरली की अख्खा डबा घुमतो. मध्ये सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले की झालं.

प्रमिला : नको. आवाज राहू द्या.

छगन : वहिनी, याच्यापेक्षा पिठाची गिरणी परवडली! दिवसभर बसता कशा याच्यासमोर?

प्रमिला : सवय झालीय. अक्कांना त्रास होत असेल तर दार आणखी घट्ट लावीन.

भिकुबाई : दार तर तू लावसच. छगन, घाल रे बाबा ते रबर.

(छगन काम आटोपून गेला आहे. कॉम्प्युटर चालू आहे. कान दिला तरच कळतं.)

भिकुबाई : आते कसं शानं व्हयनं!

प्रमिला : हं.

भिकुबाई : पोरी, तू दार लाईसन मशीन सुरू करस. घरघर ऐकू येस, पन बटनं वाजत नहीत. सारी बठ्ठी दुपार. माले काय समजत नही का?

प्रमिला : तुमचा मुलगा गेला, अक्का. तुमच्यापुढे मी कोणत्या तोंडानं रडू?

भिकुबाई : आनि मी रडनी तर तू मोडी जाशी, असं माले वाटे. म्हनीसन तुनं मशीन सुरू व्हयनं की मी बी भिंतीले पाठ लाईसन रडी लेऊ.

प्रमिला : त्याच आवाजात?

भिकुबाई : त्याच. काल म्हनलं, बास व्हयनं हाई. घाली दिधी गोदडी.

प्रमिला : म्हणजे मुद्दाम?

भिकुबाई : मुद्दाम. बंद पडी जाई, हाई काय माले ठाव!

प्रमिला : अक्का, आता दोघींची सोय गेली.

भिकुबाई : जाऊ दे. ये, आठे बस. आमना नरडाण्याकडे बाया हेल काढीसन रडतस. गेलेल्यानं नाव लीसन.

प्रमिला : मला तसं नाही येत. आणि यांचं नाव... लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलंच नाही मी.

भिकुबाई : ले. मी शे ना आठे.

प्रमिला : अभिमन...

भिकुबाई : ओ, माय.