पंपावर काच खाली

पेनसिल्व्हेनियातल्या लायसन्सच्या कचेरीत डोरीन आपला नंबर कधी येतो म्हणून ताटकळली होती. मागच्या बाकावर एक म्हातारी आणि एक तिशीतला गृहस्थ बोलत होते. कान काही बंद करता येत नाहीत.

"न्यू जर्सी सोडलंत ते घरपट्टीपायीच ना, काकू?"

"मग! तिकडे वर्षाला अकरा हजार डॉलर, इथे साडेचार. वर पेन्शनला कर नाही. आमच्या ह्यांनी वर्षभर कागद काळे केले आणि मगच घर विकलं."

"म्हणजे फायद्यातच पडलात की."

"डॉक्टर तिकडे पाच मिनिटांवर होता, इथे पाऊण तास. आणि पाव? ह्याला काय पाव म्हणायचं?"

"आमच्या पावाला नावं ठेवायची नाहीत हं!"

"काल पंपावर वीस मिनिटं बसून होते. काच खाली केली, कार्ड बाहेर धरलं. मागचे हॉर्न वाजवून दमले, पण पेट्रोल भरायला कोणी येईचना."

"अहो, इथे आपलं आपणच भरायचं असतं!"

"जर्सीत आपण नळीला हात लावायचा नसतो, तसा कायदाच आहे. बहात्तर वर्षांची झाले, कधी गाडीतून उतरले नाही."

"इथे येऊन किती दिवस झाले?"

"दीड वर्ष."

"मग इतके दिवस कोण भरायचं?"

"हे भरायचे. गेल्या महिन्यापर्यंत."



"पंप समोरच आहे, काकू. इथलं आटोपलं की शिकवतो तुम्हाला."

"शिकव. पण आज तूच भर. मी काच खाली करून बसते."