यादीच्या वरची पांढरी जागा

बंदरावर वजनकाट्यापाशी रांग लागली होती. म्हाताऱ्या ओपियोच्या पुढे आवूर आजी हातात फोन घेऊन उभी होती, आणि तिच्याशेजारी होड्यांचं अ‍ॅप बनवणारा तरुण ओदिवूर.

"पोरा, परतलेल्या होड्यांची यादी बोटाने खाली ओढली की वर पांढरी जागा उघडते आणि लगेच उसळून बंद होते. तिथे काय असतं?" आवूरने विचारलं.

"काहीच नसतं, आजी. ती उसळी आमची चूक आहे."

"एवढा शिकलास, आणि एक पान जागेवर ठेवता येत नाही? मला वाटतं, होडीचं नाव खाली येतंय आणि कुणीतरी मागे खेचतंय."

"सगळेच फसतात. आज कोडची एक ओळ लिहून ती उसळी बंद करतो. मग कितीही ओढा, पान हलणार नाही."

"अजिबात?"

"भिंतीसारखं. होडी लागली की नाव आपोआप दिसेल."

"माझ्या ओकुमूच्या होडीला जाऊन आज चार दिवस झाले."

"माहीत आहे, आजी."

"मग माझ्या फोनात राहू दे ती उसळी."

"एकट्या तुमच्या फोनात नाही ठेवता येत."

"मग उद्या बंद कर. आज अजून दोन होड्या यायच्यात."

रांग पुढे सरकली. आवूर यादी ओढत तिथेच उभी राहिली. मागच्या ओपियोने माशांची पाटी खाली ठेवली, पण तिला पुढे हो म्हटलं नाही.