प्रकाशचं म्यान

आमच्या कुरुंद्याच्या प्रकाशचं सांगतो. जंगलात माणूस हरवला तर जगायचं कसं, याचा त्याला लई अभ्यास. चाकूच्या चामडी म्यानावर त्यानं नायलॉनची दोरी गच्च आवळली, दोरीखाली माचीस, सुई-दोरा, मासे धरायचा गळ दडवला आन् सगळं मेणकापडात गुंडाळून बॅगेत ठेवलं. खंडेनवमीला आमी दोघं औंढ्याच्या डोंगरात गेलो.

"आज दिवसभर फक्त याच्यावर जगायचं," प्रकाश म्हणाला.

दुपारी भुकेनं जीव कासावीस झाला तवा त्यानं मेणकापड सोडलं. म्यान होतं, दोरी होती, गाठी पक्क्या होत्या. चाकू नव्हता.

त्यानं घरी फोन लावला.

"आई, माझा चाकू कुठंय?"

"पूजेत. आज हत्यारं पुजतेत, इसरलास काय?"

"मग म्यान काहून ठेवलं बॅगेत?"

"चामडं देवघरात चालतंय व्हय रे?"

"अगं, चाकूबिगर ही दोरी सुटून न्हाई राहिली! आता आमी जगावं कसं?"

"बॅगेत खाली भाकर बांधून ठेवलीय," आई म्हणाली. "ती हातानं तुटती."