धुरा रुंद झाला

पाळकसाहेब, मामी, काका-मावश्यांनो, आणि शेतातली कामं टाकून आलेल्या आमच्या शिवारातल्या सगळ्या मंडळींनो,

तुम्ही आलात. मामीच्या जवळ बसलात, तिचा हात हातात धरलात. त्याचा आधार झाला. आता मला बोलायला उभं केलं आहे. सासऱ्याबद्दल सुनेनं चार लोकांत काय बोलावं? गोड बोलले तर लोक म्हणतील, रीत पाळली. खरं बोलले तर म्हणतील, आज तरी गप्प बसायचं होतं.

त्यात मला रोज दोन ओळी लिहून ठेवायची सवय. लिहिणाऱ्याच्या हाताला एक खोड असते. माणूस गेला की तो त्याचे कोपरे घासून गुळगुळीत करतो. मला स्वतःची हीच भीती वाटते. पण सासऱ्यांनी, आमच्या मामांनी, माझी सोय करून ठेवली आहे. दुखण्यात पडल्यावर एकदा म्हणाले, "पोरी, माझ्या मागं बोलायची वेळ आली तर समदं सांग. अर्धं सांगशील तर देवानं केलेलं काम झाकून जाईल."

तर समदं सांगते.

शमुवेल मामा तापट होते. मामी, तू मान हलवतेस, म्हणजे मी खोटं बोलत नाही. वरणात मीठ कमी पडलं तर ताट अंगणात जायचं. मी नवी नवरी होऊन या घरात आले, तेव्हा मामीनं मला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की मामा जेवायला बसले की दारातून बाजूला उभं राहायचं. ताटाचा रस्ता मोकळा ठेवायचा.

हसा. मामाही पुढं यावर हसायचे.

आणि हेच मामा आपल्या चर्चच्या मंडळीचे पंच होते. उपासनेत त्यांच्यासारखी प्रार्थना कुणाची नव्हती. खडा आवाज, भरलेले डोळे. रविवारी कुणी बैल जुंपले तर गल्लीतून ऐकू जाईल एवढ्यानं बोलायचे. जन्मल्यापासून ख्रिस्ती, बाप्तिस्मा झालेला, सगळी गाणी तोंडपाठ. आणि दर वर्षी नांगरट आली की शेजारच्या गंगारामकाकांचा धुरा कोरायचे.

हिंगोलीहून, परभणीहून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगते. दोन शेतांच्या मध्ये न नांगरलेली गवताची पट्टी असते, तो धुरा. तो कोरायचा म्हणजे नांगराची एक रेघ पलीकडून घ्यायची. एकच रेघ. एका वर्षात कुणाला दिसत नाही. मग हद्दीचा दगड हळूच पुढं सरकतो. शेवटी त्या धुऱ्यावर दोन माणसं शेजारी उभी राहू शकत नव्हती. समोरून कुणी आलं तर एकाला पिकात उतरावं लागायचं. आणि मामा नि गंगारामकाका, दोघंही उतरणारे नव्हते. त्यांचं बोलणं कधीच बंद झालेलं होतं.

मग तो रविवार आला. प्रभुभोजनाचा रविवार, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एक भाकर वाटून खायचा. पेरणी तोंडावर होती. पाळकसाहेबांनी भाकरीचं ताट मामांच्या हातात दिलं, वाटायला. मामा पहिल्या ओळीपाशी आले आणि थांबले. खाली बघत राहिले. मग ताट परत टेबलावर ठेवलं, अलगद, आणि दाराबाहेर चालू लागले.

आम्हाला वाटलं, चक्कर आली. मामी म्हणाली, "तांब्या घेऊन जा गं मागं!" मी धावले. बघते तर मामांनी घरातून पहार घेतलेली, अंगावर रविवारचा पांढरा सदरा, आणि निघाले शेताकडं. रविवारी! रस्त्यात पोरं क्रिकेट खेळत होती. मामांना बघून ती बॅट टाकून पळाली. मामांनी बघितलंसुद्धा नाही.

गंगारामकाका आखाड्यावर, शेतातल्या गोठ्यापाशी, होते. पहार बघून ते उठून उभे राहिले. मला वाटलं, आज डोकी फुटतात.

मामा म्हणाले, "गंगाराम, दगड अगुदर कुठं होता ते दाव."

"काहून? आज काय नवा डाव आणला?"

"डाव न्हाई. म्या सरकावला. तू दाव, मी परत गाडतो."

गंगारामकाकांनी मामांना एकदा खालीवर न्याहाळलं. मग चालत गेले. जुन्या जागेवर आले. आणि तिथं थांबलेच नाहीत, मंडळी. आणखी पुढं गेले, चांगले आमच्या शेतात आत, आणि पायानं रेघ मारली.

"इथं व्हता."

"इथं?"

"व्हय, इथंच. खोटं वाटून राहिलं का?"

खोटंच होतं. मामांना माहीत होतं, काकांना माहीत होतं, मलाही कळत होतं. मामांच्या मानेची शीर फुगली. ती शीर मी ओळखत होते. ती फुगली की ताट उडायचं. मी तांब्या घट्ट धरला आणि एक पाऊल मागं सरकले, सवयीनं.

मामांनी डोळे मिटले. ओठ हलले. मग म्हणाले, "बराबर है." आणि पहार उचलून त्या खोट्या जागेवर खड्डा खणला. पांढरा सदरा मातीत घालून दगड गाडला. माझ्या हातातला तांब्या घेऊन आधी गंगारामकाकांपुढं धरला. काकांनी घेतला नाही. मग स्वतः प्याले आणि घरी आले.

पुढं कधीतरी मी विचारलं, "मामा, त्या दिवशी ताट हातात असताना काय झालं?"

म्हणाले, "आदल्या दिशी नांगरट केली होती. भाकर द्यायला हात पुढं केला तर नखात काळी माती. ती माती गंगारामची होती, पोरी. प्रभूची भाकर अन् गंगारामची माती, एकाच बोटावर. मंग कसा वाटू?"

आता माझा संशयी स्वभाव बघा. मी मनात म्हटलं, भावनेचा भर आहे, ओसरेल. मी वाट बघत होते. खरं सांगायचं तर पाळत ठेवून होते. आणि एक दिवस वरण अळणी झालं. मामा ताट हातात घेऊन उठले. मामी आणि मी आपोआप दारातून बाजूला. मामांनी ताट खाली ठेवलं, अंगणात गेले, लिंबाच्या बुंध्याला हात लावून उभे राहिले. परत आले. मीठ मागितलं. जेवले.

"बाहेर काय करून राहिले होते, मामा?"

"मांगत होतो."

"काय?"

"हात थांबवायची ताकद." मग हसून म्हणाले, "राग मेला न्हाई गं. पण आता घराचा धनी तो न्हाई. दुसरा आलाय राहायला."

मंडळी, मी कॉलेजात शिकले. अंतःकरणाचं परिवर्तन, नवा जन्म, हे शब्द मी व्याख्यानांत ऐकले, स्वतः वापरले. पण त्यांचा अर्थ काय, असं मला आज कुणी विचारलं तर मी त्या लिंबाकडं बोट दाखवीन. त्याच्या बुंध्याला एका उंचीवर साल गुळगुळीत झाली आहे. मामांच्या हाताची जागा आहे ती. म्हणजे मामा एकदा बदलले नाहीत. बदलत राहिले. दर वेळी उठून बाहेर गेले, आणि दर वेळी जिंकून आत आले.

आणि गंगारामकाका? काका, तुम्ही पुढंच बसला आहात, तुमच्या परवानगीनं सांगते. काकांनी घरी जाऊन काकूंना सांगितलं, "तो भांडला असता तर मी जिंकलो असतो. त्यानं पहार उचलली अन् खड्डा खणला. मी हारलो." मग एका सकाळी काका स्वतः आले, दगड उपटला आणि जुन्या, खऱ्या जागेवर नेऊन गाडला. मामा म्हणाले, "मधली पट्टी तुझी, तू नांगर." काका म्हणाले, "तुझी है, तूच नांगर." दोन्ही घरची माणसं कपाळाला हात लावून बसली. आधी घेण्यावरून भांडण, आता देण्यावरून! शेवटी ती पट्टी कुणीच नांगरली नाही. तिच्यात गवत आलं आणि ती धुऱ्यातच मिसळली. दोन्हीकडचे बैल तिथंच चरले, आणि दोन म्हातारे तिथंच तंबाखू मळत बसले.

परवा मामांची शवपेटी निघाली. दफनभूमी ओढ्यापलीकडं. वाटेला गुडघाभर चिखल. पेटी न्यायची कुठून, असा प्रश्न पडला. तेव्हा गंगारामकाका म्हणाले, "धुऱ्यावरून न्या की."

आणि मामा धुऱ्यावरून गेले. पुढं दोन खांदे, मागं दोन खांदे, शेजारी शेजारी. पुढचा एक खांदा गंगारामकाकांचा. दोन्ही बाजूंना उभं सोयाबीन, आणि कुणाचा पाय कुणाच्या पिकात पडला नाही. मी मागून चालत होते. रडत होते, पण मंडळी, मला ती अंत्ययात्रा वाटलीच नाही. जिंकून आलेल्या माणसाला खांद्यावर घेऊन नेतात, तसं वाटलं. ज्या जागी एका माणसाला दुसऱ्याला वाट देता येत नव्हती, तिथून आख्खं गाव चाललं होतं. हे मामांनी केलं नाही. मामांच्या आत जो राहायला आला, त्यानं केलं.

काल काका म्हणाले, "पोरी, आता 'तू घे, तू घे' म्हणून भांडू कुणासंग?"

काका, आमच्याशी भांडा. आम्ही आहोत. तो धुरा आमच्या घरातलं कुणीही नांगरणार नाही. हे मी मामीच्या समोर, सगळ्यांच्या समोर सांगते.

आता आपण उभे राहू आणि थोडा वेळ शांत राहू. प्रत्येकानं आपापल्या रीतीनं. पण एक विनंती. डोळे मिटायच्या आधी आपल्या हातांकडं एकदा बघा. मीही बघणार आहे.

शमुवेल मामा, जय ख्रिस्त. वाट मोकळी आहे.