पायात बूट होते

मी, माधवी देवमन तायडे, वय ३६ वर्षे, धंदा खाजगी शाळेत खेळाची शिक्षिका, राहणार रमाईनगर, अकोला. आज दि. १७ जानेवारी २०२५ रोजी सकाळी ११ वाजता पोलीस स्टेशनला स्वतः हजर राहून जबाब देते तो असा. मला विचारलेलं नाही तेही मी सांगणार आहे, आणि सांगितलेलं सगळं लिहावं अशी विनंती आहे.

वरील पत्त्यावर मी आईसोबत राहते. गेल्या चार वर्षांपासून दर रविवारी संध्याकाळी पाच ते सहा या वेळात बाजाराच्या मैदानावर मी मुलींना स्वसंरक्षण शिकवते. सध्या एकवीस मुली येतात. मुलींना गाठणारे सहसा एकटे नसतात, एकट्याची तेवढी हिंमत नसते, म्हणून मी टोळक्याचाच सराव घेते. माझा भाऊ चंदन आणि त्याचे कबड्डीतले तीन साथीदार हल्लेखोर होतात. मुलीने त्यांच्या मध्ये उभं राहायचं नाही. कडेकडेने सरकत राहायचं, म्हणजे चौघे एकामागे एक येतात आणि समोर एकच उरतो. त्याला एक फटका द्यायचा आणि पळायचं. जिंकायचं नाही, निसटायचं. काल मला इथे विचारण्यात आलं की, ‘पोरींना मारामाऱ्या शिकवता का?’ त्याचं हे उत्तर आहे.

आमच्या सरावाचे नियम आहेत. सुरुवात आणि शेवट माझ्या शिटीने होतो. मैदानात उतरणारा प्रत्येक जण अनवाणी असतो, चपला-बूट कडुलिंबाखाली काढून ठेवायचे. ही आखाड्याची रीत आहे, मी ती माझ्या वस्तादांकडून घेतली. शिवाय बुटाखाली मुलीचं बोट आलं तर मोडतं. आणखी एक नियम आहे, तो माझा स्वतःचा आहे. तो शेवटी सांगते. सराव बघायला लोक जमतात, टाळ्या वाजवतात. मीच म्हणायचे की बघू द्या, मुलींची भीड चेपेल.

ललित नावाचा इसम मैदानाजवळच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. डिसेंबरमध्ये एका रविवारी तो मैदानावर येऊन म्हणाला, “मॅडम, मलेबी घ्या ना. जबरदस्त हल्ला करतो मी.” मी म्हटलं, “पहिले बूट काढ.” तो दोस्तांकडे बघून हसला आणि निघून गेला. त्याचा माझ्या वर्गाशी संबंध एवढाच. मी त्याला त्याआधी किंवा त्यानंतर कधीही बोलावलेलं नाही.

काल दि. १६ रोजी, गुरुवारी, संध्याकाळी ५.४० च्या सुमारास मी भाजीला गेले होते. मैदानाला लागून भाजीच्या गाड्या असतात. मनकर्णाबाईंच्या गाडीवरून मी तुरीच्या शेंगा घेतल्या. तेवढ्यात टाळ्या ऐकू आल्या. मैदानात चाळीसेक माणसं गोल करून उभी होती, काहींनी मोबाईल वर धरले होते. आत माझी विद्यार्थिनी शालू, वय १९, औषधाच्या दुकानात काम करते, आणि तिच्याभोवती चार जण होते. एकाने ओढणी ओढली होती. एकाने मनगट धरलं होतं. वार गुरुवार होता, मी शिटी दिलेली नव्हती, आणि त्या चौघांत चंदन नव्हता. तिघांची तर माझ्याकडे पाठच होती. हे सगळं आज सुचतं. त्या वेळी मला वाटलं, पोरी माझ्या माघारीही सराव करतात. मला बरं वाटलं.

हल्ला चालू असताना मी गर्दीतून ओरडले, “शालू, मधात नको राहू, कडंकडंनं जाय!” गर्दीतल्या कुणीतरी काढलेल्या व्हिडिओत हा आवाज आहे. तो माझाच आहे.

शालूने माझ्याकडे पाहिलं आणि ती उजवीकडून सरकायला लागली, अगदी शिकवल्याप्रमाणे. पण तिचा डावा पाय सोबत येत नव्हता. ती नेमकी तिथेच का चुकते म्हणून मी खाली पाहिलं. तिची चप्पल बाजूला पडली होती आणि उघड्या पावलावर एक पांढरा बूट होता. मी बाकीच्यांचे पाय पाहिले. चौघांच्याही पायात बूट होते.

शिटी माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात असते. मी ती जोरात फुंकली. सरावात शिटी झाली की हात खाली येतात. कुणाचाही हात खाली आला नाही. मी पिशवी टाकून आत घुसले, पण मी पोचायच्या आधीच शालूने पाय सोडवून घेतला, कडेने सरकून चौघांना एकामागे एक आणलं आणि पुढच्याच्या नाकावर कोपर हाणलं. तो ललित. शालू पळत जाऊन मनकर्णाबाईंच्या गाडीमागे उभी राहिली. बाकीचे तिघे पळून गेले. त्यांची नावं मला माहीत नाहीत, पुन्हा दिसले तर ओळखेन.

मनकर्णाबाई रडत मला म्हणाल्या, “बाई, म्या तं टाळ्याई वाजवल्या वो. मले वाटलं, तुमचा रविवारचा खेळ होय.” त्या साक्ष द्यायला तयार आहेत. बाकीच्या चाळीसांपैकी एकही तयार नाही. काल मोबाईल धरून पुढे घुसत होते तेच आज म्हणतात, “आमी तं तथी नवतोच.”

आम्ही साडेसहाला स्टेशनला आलो तेव्हा ललित नाकाला रुमाल लावून आधीच बसलेला होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. त्याचं म्हणणं असं की, मॅडमच्या सांगण्यावरून सराव चालू होता, पोरीनेच जास्त जोरात मारलं. पुरावा म्हणून त्याने माझ्या आवाजाचा व्हिडिओ दाखवला. ड्युटीवरचे साहेब म्हणाले, “तुमीच तं सांगून राहिल्या तिले, कडंनं जाय म्हणून. मंग मी गुन्हा कायचा नोंदवू? आपसात मिटवून टाका.” आपसात म्हणजे कुणाकुणात, असं मी विचारलं. शालूला साडेआठपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. तिचं बोट सुजून निळं पडलं होतं. ललितला पाणी विचारलं, तिला विचारलं नाही. असलं काही जबाबात येत नसतं असं मला आता सांगण्यात आलं. ते यावं.

काही हितचिंतकांनी मला सुचवलं की, आवाज माझा नाही म्हणून सांगावं, म्हणजे केस सरळ होईल. मी तसं सांगणार नाही. आवाज माझा आहे आणि चूकही माझी आहे. पण मी चुकले म्हणून त्यांचा गुन्हा सराव होत नाही. तो व्हिडिओ पुन्हा लावावा, आवाज बंद करावा आणि फक्त पायांकडे बघावं. शालूची तक्रार आजच्या आज नोंदवून घ्यावी. ती बाहेर बसलेली आहे.

राहिलेला नियम. सरावात मला हाक मारायची नाही. वेळ येईल त्या दिवशी मी जवळ नसेन, तेव्हा सवय नको, असं मी प्रत्येक मुलीला पहिल्याच रविवारी बजावते. शालूने मला पाहिलं तिथपासून शिटीपर्यंत व्हिडिओत बावीस सेकंद आहेत. मी तीनदा मोजले. काल परत जाताना ऑटोत मी तिला विचारलं, “मी दिसली होती ना तुले? मंग हाक काहून नाही मारली?” ती म्हणाली, “तुमीच तं सांगतलं होतं ना मॅडम, हाक मारायची नाही म्हणून. अन् तुमी पाहून राहिल्या होत्या. मले वाटलं, मी बराबर करून राहिली.”

येत्या रविवारपासून हा नियम बंद आहे.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. माझ्या ओरडण्याच्या परिच्छेदात ‘सराव चालू असताना’ असं लिहिलं गेलं होतं. ते खोडून ‘हल्ला चालू असताना’ असं करून घेतलं आहे आणि खोडलेल्या जागी माझी सही आहे. आता तो मी सांगितला तसा आहे.