डोळ्यातलं सोनेरी कडं

दवाखान्यात नंबर येईपर्यंत मी डोळे मिटून बसलो होतो. मागच्या बाकावर नवरा-बायको हळू आवाजात बोलत होते.

"डॉक्टर काय म्हणाले, नीट सांगा ना मला."

"तुझं लिव्हर अन्नातलं तांबं बाहेर टाकत नाही. ते अंगात साठत गेलं. म्हणून हात थरथरतात."

"आणि इतकी वर्षं सगळे म्हणायचे, मनाचे खेळ आहेत."

"दुर्मिळ आजार आहे गं. लवकर सापडत नाही."

"सापडला कुठे, तर डोळ्यात."

"बुबुळाच्या कडेचं ते सोनेरी कडं. ते तांबंच होतं."

"ज्याच्यासाठी तुम्ही मला स्टुडिओच्या खिडकीशी बसवायचात."

"उतरतं ऊन नेमकं त्यावर पडायचं. डोळ्यात संध्याकाळ तरंगतेय असं वाटायचं."

"तो फोटो केवढा मोठा करून लावलात दारात. गिऱ्हाईकं थांबून बघायची."

"मी मात्र आजाराचेच फोटो काढत बसलो."

"तुम्हाला काय स्वप्न पडणार होतं?"

"आता गोळ्या जन्मभर. कडं हळूहळू विरून जाईल म्हणाले."

"मग माझे डोळे कसे दिसतील हो?"

"आपण भेटलो तेव्हा होते तसे. तेव्हा कुठे होतं कडं?"

"मग तेव्हा काय बघून भुललात?"

"ते कशाला आता?"

"तुम्ही काढलेला माझा पहिला फोटो आठवतो? त्यात मी सगळी पुसटच आलेय. हलले असेन."

"तू नव्हती हललीस. तेव्हा हात माझे थरथरत होते."