तट्टूच्या अंगावरची शाल

सत्कारात मिळालेल्या शालींचं काय करायचं म्हणता? आमचे मामा निवृत्त मास्तर. राजोडीच्या किनाऱ्यावर पोरांना फिरवायला त्यांनी तट्टू ठेवलं होतं. थंडीत ते कुडकुडायला लागलं. बाजारातली झूल परवडेना. मामी म्हणाली, "तुमच्या सत्काराच्या शालींनी कपाट भरलंय, त्यातली घाला की!"

जरीची टोचायची, तट्टू ती चावायचं. दुसरी घसरायची. नगरसेवकांनी दिलेली मात्र झकास बसली, कोपऱ्यात त्यांचं नाव छापलेलं.

रविवारी नगरसेवकच नातवाला घेऊन किनाऱ्यावर आले आणि तापले. "मास्तर, मी तुम्हाला दिलेली शाल जनावराच्या अंगावर?"

मामा म्हणाले, "साहेब, तुमची शाल अंगावर घेऊन रोज काम करणारं हे एकटंच आहे."